इच्छामरणाचं इंजेक्शन भारतात लीगल आहे का?
"भारतात इच्छामरण लीगल झालंय, पेशंटने मागितलं की डॉक्टर इंजेक्शन देऊ शकतात" हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, पण तसं नाहीये. सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालाने परवानगी दिली ती एवढीच की बरं व्हायची आशाच उरली नसेल तर व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवता येतात, तेही डॉक्टरांच्या दोन वेगळ्या बोर्डांनी तपासून. मरण यावं म्हणून औषध देणं आजही गुन्हाच. गोंधळ होणं साहजिक आहे, दोन्हीकडे शेवटी मृत्यूच, पण एकात आजार आपल्या वाटेने जातो, दुसऱ्यात कुणीतरी मृत्यू घडवून आणतो. आणि वेदना कमी करायची औषधं चालूच ठेवायची असतात, हे घरच्यांना आधी सांगा. निकाल आणि 2023 ची सुधारणा नेटवर फुकट आहेत, लिव्हिंग विलला (म्हणजे पुढे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो ते त्यातच सापडेल.