शेड्यूल केलेला मेल सर्व्हरवर थांबलाय की तुमच्या लॅपटॉपमध्ये?

जीमेलमधलं ‘शेड्यूल सेंड’ तुम्हाला येतंच असेल. ‘सेंड’शेजारचा छोटा बाण दाबायचा, तारीख-वेळ द्यायची, झालं. मोबाइलवर हेच कोपऱ्यातल्या तीन टिंबांमागे असतं. ही सोय एप्रिल २०१९ मध्ये आली आणि एका वेळी १०० मेल असे रांगेत ठेवता येतात. जीमेलबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

घोळ सुरू होतो तो ही सवय घेऊन माणूस डेस्कटॉपवरच्या क्लासिक आउटलूककडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या मेल प्रोग्रॅमकडे, वळतो तेव्हा. नवा मेल उघडून ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डिले डिलिव्हरी’ घेतलं, ‘डू नॉट डिलिव्हर बिफोर’समोर सकाळी नऊची वेळ घातली, सेंड दाबलं, लॅपटॉपचं झाकण मिटलं. मेल जातो दुसऱ्या दिवशी पावणेअकराला, लॅपटॉप उघडल्यावर. मग ‘आउटलूकचं शेड्यूलिंग बेभरवशाचं आहे’ असं सगळीकडे सांगितलं जातं. ते बेभरवशाचं नाही. ते वेगळं काम आहे, आणि दोन्हीकडे वेळ निवडायची चौकट सारखी दिसते म्हणून एकच समजलं जातं.

फरक एवढाच: ठरल्या मिनिटाला मेल कोण पाठवणार?

जीमेलमध्ये वेळ ठरवून झाली की मेल गूगलच्या सर्व्हरवर थांबतो आणि तिथूनच सुटतो. तुमचं यंत्र बंद असो, बॅटरी संपलेली असो, काही बिघडत नाही. क्लासिक आउटलूकमध्ये मेल तुमच्या आउटबॉक्समध्ये पडून राहतो. घड्याळाकडे लक्ष ठेवून वेळ झाली की तो सर्व्हरकडे सोपवायचं काम तुमच्या यंत्रावर चालू असलेलं आउटलूक करतं. पॉप किंवा आयमॅप (प्रोग्रॅमने सर्व्हरवरून मेल घेण्याच्या दोन सर्वसाधारण पद्धती) खातं असेल, तर त्या वेळी आउटलूक उघडं असणं अनिवार्य आहे. ऑफिसच्या एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) खात्यावरही खात्री करून घेतलेली नसेल, तर ते उघडं ठेवूनच निघा. उघडं म्हणजे खरोखर उघडं: झाकण मिटून लॅपटॉप झोपला की आउटलूकही झोपतं. ‘वर्क ऑफलाइन’ चालू राहिलं किंवा मधल्या काळात पासवर्ड बदलला, तरी मेल तिथेच अडकतो.

असं का केलंय? मेल पाठवण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, मुळात ‘आत्ता घे आणि आत्ता पुढे पाठव’ एवढंच जाणते. ‘आत्ता घे, पण सोमवारी पाठव’ असं सर्व्हरला सांगण्याची जोड २००७ मध्ये आरएफसी ४८६५ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने दिली, पण ती मानणारे सर्व्हर फार थोडे. त्यामुळे कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरशी बोलावं लागणाऱ्या प्रोग्रॅमला मेल स्वतःजवळच धरून ठेवावा लागतो. जीमेलचं पान आणि त्यामागचा सर्व्हर एकाच घरचे, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

आउटबॉक्समधल्या मेलची आणखी एक खोड फार महागात पडते. रांगेतला मेल नीट लिहिलाय ना, हे पाहायला तुम्ही तो उघडता आणि तसाच बंद करता. आता तो जाणार नाही. यादीत त्याचं नाव तिरप्या अक्षरांत असतं ते सरळ होतं, एवढीच खूण. बाकी कसलीही सूचना येत नाही. उघडलात तर बदल केला नसला तरी पुन्हा सेंड दाबा. वेळ आधीचीच राहते. जीमेलमध्ये दुरुस्ती करायची तर ‘शेड्यूल्ड’मधून ‘कॅन्सल सेंड’ करावं लागतं. मेल ड्राफ्ट होतो आणि वेळ पुन्हा द्यावी लागते. हे विसरलं तर तो ड्राफ्टमध्येच राहतो.

‘आउटलूकमध्ये असं करा’ एवढंच लिहिणारे सल्ले वाचून खरंच संताप येतो. कुठलं आउटलूक? ब्राउझरमधल्या आणि नव्या आउटलूकमध्ये सेंडच्या बाणाखाली ‘शेड्यूल सेंड’ आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर तो मेल ड्राफ्ट्समध्ये दिसत राहतो आणि सर्व्हरवरून जातो. नाव एकच, वागणं उलट.

थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममध्ये तर शब्दच फसवतो. तिथल्या मूळ ‘सेंड लेटर’ला वेळ नसतेच, ‘सेंड अनसेंट मेसेजेस’ म्हणेपर्यंत मेल आउटबॉक्समध्ये राहतो. वेळ हवी तर त्याच नावाचं अॅड-ऑन घालावं लागतं, आणि त्यालाही थंडरबर्ड चालू लागतं. अॅपल मेलमध्ये ‘सेंड लेटर’ २०२२ मध्ये आलं. मॅकवर वेळ ठरवली असेल तर त्या वेळी मॅक जागा आणि नेटला जोडलेला ठेवा.

तुमच्या खात्यावर नेमकं काय होतं, हे दहा मिनिटांत कळतं. स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर दहा मिनिटांनंतरचा मेल लावा, संगणक पूर्ण बंद करा, मोबाइलवर तो दुसरा पत्ता पाहत राहा. मेल आला तर सर्व्हर पाठवतोय. नाही आला, आणि संगणक सुरू करून प्रोग्रॅम उघडल्यावर आला, तर तुमचं यंत्र पाठवतंय. महत्त्वाचा मेल यंत्राच्या भरवशावर ठेवू नये हे माझं ठाम मत. त्याच खात्याचं वेबपान उघडा, तिथे ‘शेड्यूल सेंड’ असेल तर तिथूनच लावा. उशिरा गेलेली आठवण न गेलेल्या आठवणीहून वाईट: बैठक उरकल्यावर बैठकीचं निमंत्रण पोहोचतं.

जीमेलमधल्या ‘अनडू सेंड’ची, म्हणजे सेंड दाबल्यावर मेल मागे घेण्याच्या सोयीची, गल्लतही होते, पण ती लवकर सुटते. तो ५, १०, २० किंवा ३० सेकंदांचा थांबा आहे, वेळापत्रक नव्हे. ‘स्नूझ’ तर आलेला मेल काही वेळ नजरेआड ठेवण्यासाठी आहे.

राहिल्या दोन गोष्टी, सर्व्हरवर थांबलेल्या मेलबाबतही लक्षात ठेवायच्या. जोडलेली फाइल वेळ ठरवली तेव्हा जशी होती तशीच जाते. नंतर मूळ फाइल सुधारली तरी समोरच्याला जुनीच मिळते. ड्राइव्हची लिंक दिली असेल तर मात्र उघडताना असेल ते रूप दिसतं. आणि मधल्या काळात समोरच्याचं उत्तर आलं म्हणून रांगेतला मेल आपोआप रद्द होत नाही, तो तुम्हालाच काढावा लागतो.