जुनी होंडा सिटी घेताय? रंगाआधी आरसी बघा

आमच्या कोल्हापूरच्या यार्डात जुन्या सेदानमध्ये सगळ्यात जास्त विचारणा होते ती होंडा सिटीची. त्यातही नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या आणि २०१३ अखेरपर्यंत विकल्या गेलेल्या मॉडेलची. १.५ लिटरचं आय-व्हीटेक पेट्रोल इंजिन, डिझेल नाहीच. डिझेल सिटी जानेवारी २०१४ च्या नव्या मॉडेलपासून आली, तेव्हा २०१२ ची ‘डिझेल सिटी’ कोणी दाखवली तर चहा पिऊन परत या.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, ‘किती पळालीय?’ खरं तर मीटर मागे फिरवायला आता फार वेळ लागत नाही. आमच्या मते भाव ठरतो आरसीच्या, म्हणजे नोंदणीच्या, उरलेल्या वर्षांवर. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे २०११ ची गाडी २०२६ मध्ये मुदत संपवते, २०१३ ची २०२८ मध्ये. त्यानंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरणाची फी (एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० रुपये), शिवाय ग्रीन टॅक्स. मग पुढची पाच वर्षं मिळतात. २०१२-१३ ची बरी राखलेली सिटी साधारण अडीच ते साडेतीन लाखांत मिळते. मुदत संपत आलेली गाडी त्याच भावात कोणी सांगत असेल तर नूतनीकरणाचा सगळा खर्च बिनदिक्कत कापून मागा.

डीएल पासिंगची, म्हणजे दिल्लीत नोंदलेली, गाडी स्वस्त दिसते, कारण तिथं १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली गेली होती. पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी विरते. आम्ही अशी गाडी ठेवत नाही.

आता आमच्या भागाची खास गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. धुऊन, पॉलिश करून त्या फिरतातच. ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर समजा. पुढची सीट मागे सरकवून रुळावरचा गंज बघा. डिकीतलं स्टेपनी उचला, खालच्या खोलगट जागेच्या कडेला बोट फिरवा. बारीक वाळू लागली तर तो विषय तिथंच संपला. कार्पेट नवं टाकता येतं, पण वायरिंगच्या जोडात शिरलेलं पाणी वर्षभराने त्रास देतं.

सिटीचा स्वतःचा एक दोष सगळ्यांना ठाऊक आहे: चार माणसं आणि सामान असलं की स्पीडब्रेकरला पोट घासतं. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही. सीएनजी किट असेल तर आरसीवर नोंद हवीच. आणि एक: होंडाने या जुन्या सिटीपैकी बऱ्याच गाड्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमधल्या (ती फुगवणाऱ्या भागातल्या) दोषापायी परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. भाग फुकट बदलून मिळतो. विकणाऱ्याने बदलून घेतला असेलच असं धरू नका.

कागदांत मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. तेव्हा हप्ता थोडा वाढेल.

गाडी बघायला सकाळी नऊच्या आत या. आम्ही तोवर चावी लावत नाही, कारण आधीच गरम केलेल्या इंजिनात स्टार्टिंगची खोट लपते. बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा आणि स्टार्टर तुम्हीच मारा.