ओहोटी वेगळी, रिप वेगळी

कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर सर्फिंगचा बोर्ड घेऊन उतरलात की दोन वाक्यं कानावर पडतातच. एक, "ओहोटी लागलीय, आत जाऊ नका, ओढून नेईल." आणि दुसरं, "आता भरती आहे, पाणी किनाऱ्याकडेच ढकलेल, बिनधास्त जा." पहिलं अर्धं खरं आहे आणि ऐकलं तर काही बिघडत नाही. दुसरं जिवावर बेतू शकतं. दोन्हींच्या मुळाशी घोटाळा एकच: ओहोटी आणि रिप करंट, म्हणजे किनाऱ्याजवळून समुद्राकडे धावणारा पाण्याचा अरुंद प्रवाह, या दोन गोष्टी आपण एकाच खात्यात टाकतो. नुसतं डुंबायला आलेल्याचं एक वेळ यावाचून निभेल. सर्फिंग शिकणारा मात्र मुद्दाम लाटा फुटतात तिथेच जाऊन उभा राहतो, आणि रिप तयार होते तीच मुळी लाटा फुटतात म्हणून.

आधी ओहोटी, कारण ती सोपी आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे समुद्राची पातळी साधारण सव्वासहा तास चढते आणि तेवढाच वेळ उतरते. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पातळीतला फरक सगळ्यात जास्त, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात कमी. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: चतुर्थीला 3 वाजता पूर्ण भरती, अष्टमीला 6 वाजता. अंदाजाला ही रीत अजूनही चांगली आहे, पण बोर्ड घेऊन जायचं असेल तर जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. आणि जवळच्याच बंदराचं. तळकोकणात भरती मुंबईच्या आधी येते. मुंबईची वेळ बघून मालवणात उतरणारे माझ्या माहितीत बरेच आहेत.

आता ओहोटी माणसाला ओढते का, याचा हिशोब करू. तळकोकणात उधाणाच्या दिवशी पातळीतला फरक 2 मीटरच्या आसपास असतो. मुंबईत बराच जास्त. 2 मीटर उतरायला सव्वासहा तास, म्हणजे मिनिटाला अर्धा सेंटिमीटर. किनारा अगदी सपाट असला, 50 मीटर आत गेल्यावर 1 मीटर खोली मिळेल असा, तरी पाण्याची रेघ मिनिटाला जेमतेम वीतभर मागे जाते. एवढ्याने माणूस काय, वाळूवर ठेवलेली चप्पलही वाहून जात नाही. मोकळ्या, सरळ किनाऱ्यावर ओहोटी तुम्हाला आत नेत नाही. ती फक्त पाणी कमी करते.

मग लोकांना ओढतं ते काय?

लाटा किनाऱ्याजवळ येऊन फुटतात तेव्हा त्या नुसता फेस आणत नाहीत, पाणी आणून टाकतात. एकामागून एक लाट, प्रत्येकीचं थोडं थोडं पाणी किनाऱ्यालगत साचत जातं. ते परत जायला वाट शोधतं. समोर पाण्याखाली वाळूचा लांबट उंचवटा असतो, त्यावरून नव्या लाटा येतच असतात. तिथून परत जाणं अवघड. मग पावसात अंगणातलं पाणी जसं सगळीकडून गोळा होऊन एका खोलगट कोपऱ्यातून बाहेर पळतं, तसं हे पाणी उंचवट्यातल्या खिंडीतून समुद्राकडे धाव घेतं. ही झाली रिप. रुंदी कधी दहा-पंधरा मीटर, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पट. साधारण वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तरी मिनिटाला 30 मीटर झाले. ओहोटीची ती वीत आठवा. जोर असताना रिपचा वेग सेकंदाला 2 मीटरच्या वर मोजला गेलाय, आणि तिथे उलट पोहून ऑलिंपिकचा जलतरणपटूही टिकणार नाही.

आता यातली गोम. खिंड खोल असते, आणि खोल पाण्यात लाट फुटत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे शांत, गडद पाण्याचा पट्टा असं चित्र दिसतं. नवशिक्या सर्फर किनाऱ्यावर उभा राहून नेमका काय शोधत असतो? फेसाचे तडाखे न खाता आत जायची सोपी वाट. म्हणजे त्याच्या डोळ्याला समुद्रातली सगळ्यात वाईट जागा सगळ्यात चांगली दिसते.

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका किनाऱ्यावर हे अगदी समोर घडताना पाहिलं. पुण्याकडचा एक मुलगा, भाड्याचा फोम बोर्ड काखेत, बरोबर त्या गडद पट्ट्याकडे चालला होता. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून हाक मारली, "रे झिला, थंय जाव नको." पोरगा थांबला. "काका, पण तिथे तर लाटाच नाहीत." म्हाताऱ्याने वरसुद्धा बघितलं नाही. "म्हणानच सांगतंय."

रिपची सगळी विद्या या दोन शब्दांत आहे. म्हाताऱ्याने रिप करंट हे नाव कधी ऐकलं नसेल, पण रापण कुठे टाकली की वाकडी होते आणि कुठे सरळ येते हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

खुणा आणखीही आहेत. पट्ट्यातलं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, कारण ते तळाची वाळू उचलून नेत असतं. फेसाचे तुकडे, पालापाचोळा किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी बाहेर सरकताना दिसतात. पृष्ठभाग बारीक चुरचुरल्यासारखा दिसतो. पण उभ्या उभ्या दोन मिनिटांत हे कळत नाही. लाटा गटागटाने येतात. शांत गटात बघितलंत तर सगळंच छान दिसेल. म्हणून दहा-पंधरा मिनिटं बसा, शक्यतो उंचावर. आपल्याकडे हे सोपं आहे, कारण बहुतेक किनाऱ्यांच्या दोन्ही टोकांना डोंगराचं नाक आलेलं असतं. त्याच नाकांकडे नीट लक्ष ठेवा. भोगवे, निवती, आरे-वारे, कुणकेश्वर अशा किनाऱ्यांवर खडकाला लागून जाणारा प्रवाह ही कायमची शक्यता धरून चाला: किनाऱ्याला समांतर वाहणारं पाणी खडकावर अडतं आणि खडकाच्या कडेने बाहेर वळतं. वाळूतली खिंड आज इथे तर महिन्याने तिथे असते. पावसाळा संपून समुद्र वाळू परत आणून टाकतो, तेव्हा तर सगळा तळच नव्याने मांडला जातो. गेल्या वर्षी इथे मस्त शिकलो होतो, या बोलण्याला यंदा काही अर्थ नाही. खडक मात्र हलत नाही.

मग जुन्या माणसांना ओहोटीलाच लोक बुडताना दिसले, ते खोटं? नाही. पाणी उतरलं की वाळूचा उंचवटा वर येतो, लाटा त्यावर जास्त जोरात फुटतात, साचलेल्या पाण्याला वरून परतायची वाट उरत नाही आणि सगळा भार खिंडीवर येतो. त्यामुळे बऱ्याच किनाऱ्यांवर रिपचा जोर पूर्ण ओहोटीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. ओढते रिप, ओहोटी तिला बळ देते. वेळ जुळली म्हणून आळ ओहोटीवर आला. हा फरक नुसता पुस्तकी नाही. ओहोटीलाच दोष दिला की भरतीला माणूस निर्धास्त होतो, आणि भरतीतही रिप असते. खडकालगतची तर हमखास. शिवाय ओहोटी ओढतेय अशी समजूत झालेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारतो, कारण त्याच्या मते सगळा समुद्रच मागे चाललाय, बाजूला जाऊन उपयोग काय? प्रत्यक्षात बाजूला तीस-चाळीस मीटरवर लाटा किनाऱ्याकडेच येत असतात.

रिप तुम्हाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. बुडतो तो दमलेला माणूस. म्हणून पहिलं काम, प्रवाहाशी झगडायचं नाही. सर्फरकडे पोहणाऱ्याला नसलेली एक गोष्ट आहे, बोर्ड. तो सोडायचा नाही. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती हीच, घोट्याची लीश, म्हणजे बोर्डला पायाशी बांधणारी दोरी, काढून पोहत निघतो, आणि हातातली होडी टाकून देतो. बोर्डवर पालथं पडा, श्वास ताळ्यावर आणा, एक हात उंच करून हलवा म्हणजे किनाऱ्यावरच्याला कळेल. मग जिथे पांढरा फेस दिसतोय त्या बाजूला, किनाऱ्याला समांतर वल्हवा. फेसात पोचलात की लाटच तुम्हाला पोटावर झोपवून परत आणते. उभं राहायची हौस त्या दिवसापुरती बास.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या परिसरात जेमी मॅकमहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीएस लावलेले तरंगते नळे रिपमध्ये सोडून पाहिले. बहुतेक नळे काही मिनिटांत गोल फिरून उथळ पट्ट्यात परत आले. म्हणजे नुसतं तरंगत राहिलं तरी सुटण्याची शक्यता बरीच. मात्र सगळ्या रिप अशा गोल फिरत नाहीत. काही लाटांच्या रेषेपलीकडे नेऊन सोडतात. म्हणून एकाच उपायावर अडून बसू नका. तरंगा, बघा, एका बाजूला जमत नसेल तर दुसरी बाजू धरा. मुरलेले सर्फर याच रिपमधून फुकटात लाटांमागे जातात, आणि नवशिके ते बघून त्यांच्या मागे जातात. त्यांना परत यायचं जमतं, तुम्हाला अजून नाही. पहिले काही महिने कमरेएवढ्या पाण्यात, फुटलेल्या फेसावर काढायचे. कंटाळवाणं आहे, पण शिकायला मिळतं तिथेच.

तेवढ्या पाण्यातही आपण सरकतो. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, पुढची झोपडी आणि मागचा उंच माड म्हणा, आणि दर चार-पाच लाटांनी मान वळवून बघा. रेषा मोडली की पाण्यातून बाहेर या, वाळूवरून चालत मूळ जागी जा. मच्छीमार समुद्रातली आपली जागा अशाच खुणांनी धरतात.

आता ओहोटीला एक जागा द्यायलाच हवी जिथे ती खरोखर ओढते: खाडीचं तोंड. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, दाभोळला वाशिष्ठी. भरतीत मैलोन् मैल आत गेलेलं पाणी ओहोटीत एका चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं. इथे मिनिटाला वीत वगैरे हिशोब चालत नाही. पाणी नदीसारखं वाहतं, मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात, आणि पावसाळ्यानंतर त्यात डोंगराचं पाणीही मिसळलेलं असतं. रिपचे उपाय इथे तोकडे पडतात. प्रवाह काही मिनिटांत संपत नाही, तासन् तास चालतो, आणि तोंडाशी वाळूच्या दांड्यावर आडव्यातिडव्या लाटा फुटत असतात. त्याच लाटा लांबून फार देखण्या दिसतात, म्हणून सर्फरला तिथे जायचा मोह होतो. शिकाऊ माणसाने खाडीच्या तोंडापासून चांगलं लांब राहावं, भरती असो की ओहोटी. आणखी एक कारण लीशचं. समुद्रात जी लीश जीव वाचवते, ती वाहत्या खाडीत जाळ्याच्या खुंटाला किंवा होडीच्या दोरखंडाला अडकली की घोट्याला धरून माणसाला पाण्याखाली दाबून ठेवू शकते. प्रवाहाच्या जोरापुढे वाकून हात घोट्यापर्यंत पोचत नाही.

पायाखालची वाळू सरकते, लाट परतताना पोटऱ्या खेचते, तो तिसराच प्रकार. उतरत्या किनाऱ्यावर तो जोरात जाणवतो, पण काही सेकंदांत पुढची लाट येते आणि तो संपतो. लहान मुलं आणि वयस्क माणसं त्याने पडतात, एवढं लक्षात असू द्या.

वेळ कोणती निवडायची, तर बहुतेक वाळूच्या किनाऱ्यांवर मधली, चढती भरती. पूर्ण ओहोटीला रिपचा जोर आणि उघडे पडलेले खडक. पूर्ण भरतीला लाट वरच्या उभ्या उतारावर थेट आपटते. तिथे डोक्यावर पडलं तर मान मोडायची भीती. केव्हाही पडा, सपाट पडा, सूर मारू नका, आणि वर येताना हात डोक्यावर घ्या, कारण तुमचाच बोर्ड वरून येत असतो.

एप्रिल-मेमध्ये वारा नसताना अचानक मोठ्या लाटा येतात, त्या दूर दक्षिणेकडच्या वादळांच्या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देते, ते बघून निघा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, तेव्हा शिकायचा प्रश्नच नाही. जीवरक्षक सगळीकडे नाहीत. म्हणून एकट्याने उतरू नका, आणि वाळूवर बसलेल्या सोबत्याला आधीच सांगून ठेवा: मी हात हलवला तर धावत पाण्यात यायचं नाही. 112 ला फोन करायचा, रापणकऱ्यांना किंवा होडीवाल्यांना हाक मारायची, आणि जवळ रिकामा पाण्याचा कॅन असेल तर झाकण घट्ट लावून माझ्याकडे फेकायचा.