खान्देशातील नाट्यगृहे

खान्देशातील नाट्यगृहे : जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील शहरांत नाटक, विनोदी प्रयोग, लावणी, वाद्यवृंद व गाण्याच्या मैफली यांसाठी बांधलेली कायम स्वरूपाची रंगमंदिरे. या भागातला हसवणारा आणि गाणारा रंगमंच पिढ्यान् पिढ्या कनातीत, मैदानात आणि यात्रेत वावरला. त्याला पक्के छप्पर मिळाले ते उशिरा, आणि तेही त्यातल्या सगळ्या प्रकारांच्या वाट्याला आले असे नाही. त्यामुळे येथील नाट्यगृहांचा इतिहास इमारतींपासून सुरू करता येत नाही. तो यात्रेच्या मैदानापासूनच सुरू करावा लागतो.

खान्देशात तमाशाचा हंगाम शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. दसरा-दिवाळीनंतर फड, म्हणजे तमाशाची पथके, बाहेर पडतात आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटून उन्हाळा सरेपर्यंत गावोगावच्या यात्रा करतात. दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा घोडेबाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. धुळ्यात चैत्रात एकवीरा देवीची यात्रा भरते, तर अमळनेरला वैशाखात संत सखाराम महाराजांच्या यात्रेनिमित्त बोरी नदीचे पात्र माणसांनी फुलते. अशा यात्रांत देवदर्शन, बाजार आणि करमणूक यांत फारसे अंतर राहत नाही.

फडाच्या प्रयोगात गण (गणेशवंदना), गवळण (कृष्ण आणि गवळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी सवालजवाब) आणि वग (कथानाट्य) असा क्रम असतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने गाणे चालते. विनोदाची मुख्य जागा बतावणीची. तिची संहिता बहुधा लिहिलेली नसते. सोंगाड्या, म्हणजे फडातला विनोदी नट, त्या दिवशी गावात आल्यावर जे ऐकतो, म्हणजे कापसाचा भाव, बंद पडलेली मोटार, सोसायटीच्या निवडणुकीतली भांडणे, ते रात्री बोलण्यात घेतो आणि ‘काय करी ऱ्हायना भो?’ असा सवाल साथीदाराला टाकून अहिराणीत, म्हणजे खान्देशच्या बोलीत, उतरतो. वगातला राजा बहुतेक वेळा प्रमाण मराठी बोलतो आणि त्याचा शिपाई गावची बोली बोलतो. हशा पिकतो तो शिपायाच्या वाक्यांवर. पश्चिमेकडे नवापूर-नंदुरबारच्या पट्ट्यात आदिवासी समाजांच्या सोंगाड्या पार्ट्या हेच काम आपापल्या बोलींत रात्रभर करतात. कानबाई या खान्देशी लोकदेवतेच्या उत्सवातली गाणी, वहीगायन हा लोकगायनाचा प्रकार आणि भारूड यांनी या प्रेक्षकाचा कान आधीच तयार केलेला होता, ही गोष्ट नाट्यगृहांविषयी लिहिताना सहसा सुटून जाते.

संगीत नाटक खान्देशात आले ते रेल्वेच्या वाटेने. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा गेला आणि पडदे, कपडेपट, पेट्या व चाळीस-पन्नास माणसे घेऊन हिंडणाऱ्या नाटक मंडळ्यांना मुंबई आणि वऱ्हाड यांच्या मध्ये मुक्कामाची गावे मिळाली. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत नाटकाची जी चाल पाडली, तिचे लोण या मार्गाने इकडे पोहोचले. कापसाच्या व्यापारामुळे हातात रोख पैसा असलेला अडत्या, वकील आणि रेल्वेचा नोकरदार असा प्रेक्षक येथे होता. खेळ होत ते बहुधा तात्पुरत्या मांडवात किंवा मोठ्या वाड्यांच्या चौकात.

या काळाशी जळगावचे नाते बालगंधर्वांमुळे विशेष जवळचे ठरले. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांचे लहानपणाचे काही दिवस जळगावात गेले आणि गाण्याचे आरंभीचे शिक्षण त्यांना येथेच मेहबूबखाँ यांच्याकडे मिळाले. ते १९०५मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. दुसरा धागा तापीकाठच्या थाळनेरचा. १९१८मध्ये बळवंत संगीत मंडळी काढणाऱ्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे थाळनेर हे सासर. लता मंगेशकर यांच्या आई माई मंगेशकर याच गावच्या. आजोळी ऐकलेल्या गाण्यांचा उल्लेख मंगेशकर कुटुंबाच्या आठवणींत येतो; ही गाणी नाटकातली नसून घरातली आणि अंगणातली होती.

१९३०च्या दशकात बोलपट आल्यावर मंडळ्यांचे दौरे आटले. महाराष्ट्रात इतरत्र झाले तेच येथेही झाले : शहरातल्या करमणुकीचा पैसा चित्रपटगृहांकडे वळला, तर खेडी फिरत्या टॉकीजच्या तंबूंकडे गेली.

शहराच्या पातळीवर नाटकाला स्वतःची जागा देण्याच्या प्रयत्नांत जळगावचे बालगंधर्व खुले नाट्यगृह महत्त्वाचे आहे. नावाप्रमाणेच ते उघडे आहे : पक्का रंगमंच, समोर प्रेक्षकांची जागा आणि वर आकाश. खर्चाच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची होती, पण तिच्या मर्यादा हवामानानेच ठरवून दिल्या. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून प्रयोग सूर्यास्तानंतरच लावावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने धरता येत नाहीत. आणि थंडीत उशिराच्या अंकाला प्रेक्षक शाली पांघरून बसतात. मुंबईहून येणाऱ्या व्यावसायिक नाटकाचे नेपथ्य बंदिस्त रंगमंचाच्या हिशेबाने केलेले असते. उघड्यावर वारा सुटला की दिवाणखान्याची भिंत हलू लागते, आणि विनोदी नाटकात असा प्रसंग आलाच तर नट तोच संवादात घेऊन टाळी मिळवतो. फार्सिकलमध्ये, म्हणजे प्रहसनवजा नाटकात, हशा क्षणाच्या अचूकतेवर उभा असतो. येथे आवाज वर विरून जातो, बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट आत येतो आणि मागच्या रांगेला वाक्याचा शेवट ऐकू येत नाही. उलट, ढोलकीची लावणी, वाद्यवृंद आणि शाहिरी कार्यक्रम अशा जागेत फुलतात. खुल्या नाट्यगृहात नाटकापेक्षा गाण्या-नाचण्याचे आणि सार्वजनिक समारंभांचे कार्यक्रम अधिक शोभतात, यात नवल नाही.

बंदिस्त रंगमंदिरांची गरज यातूनच पुढे आली. जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यसंकुल, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आणि नंदुरबारमध्ये छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर ही आजची प्रमुख रंगमंदिरे होत. जळगावातील कांताई सभागृह आणि भैय्यासाहेब गंधे सभागृह येथे लहान मैफली, अभिवाचने आणि एकपात्री प्रयोग होतात. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरवते. शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्य यांसाठी शहरात ठरलेला प्रेक्षक निर्माण होण्यास त्याचा मोठा हातभार लागला.

व्यावसायिक नाटकाचे येथील गणित अवघड आहे. मुंबई-पुण्याची बस आणि नेपथ्याचा टेम्पो इतक्या लांब आणायचा तर एका प्रयोगावर भागत नाही. म्हणून स्थानिक कंत्राटदार जळगाव, धुळे, नाशिक असे प्रयोग एका दौऱ्यात सलग बसवतो. नाव असलेला विनोदी नट आणि हलकेफुलके कौटुंबिक नाटक यांवर ‘प्लॅन’, म्हणजे तिकीटविक्रीचा आसनतक्ता, लवकर भरतो. गंभीर नाटक लावण्याचे धाडस क्वचितच होते.

ती उणीव हौशी मंडळी भरून काढतात. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेच्या केंद्रांत जळगावचा समावेश असतो. १९९०मध्ये स्थापन झालेल्या, आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा ‘युवारंग’ हा युवक महोत्सव विनोदी नटांची पहिली शाळा ठरला आहे. मूकनाट्य, नकला आणि विडंबननाट्य या स्पर्धांत खेड्यातल्या महाविद्यालयांची मुले अहिराणी किंवा लेवा बोलीतच उभी राहतात, आणि परीक्षकांना न कळलेल्या वाक्यावर सारा मांडव हसतो.

कोरोनाच्या साथीत मार्च २०२०पासून नाट्यगृहे बंद झाली. मधल्या काळात मर्यादित आसनक्षमतेने ती काही महिने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१पासून राज्यात पुन्हा सुरू झाली. याच काळात अहिराणी विनोद आणि अहिराणी गाणी मोबाईलच्या पडद्यावर घरोघर पोहोचत राहिली. यांतले कलावंत आता लग्नसराई, गणेशोत्सव आणि राजकीय मेळाव्यांच्या मंचांवर दिसतात. त्यांना ऐकायला येणारी गर्दी तिकीट काढून नाट्यगृहात फारशी जात नाही. तमाशाचे फडही शहराच्या वातानुकूलित रंगमंदिराऐवजी यात्रेतच उतरतात. फडाचा प्रयोग रात्रभर चालतो, नाट्यगृहाचे भाडे मात्र सत्रावर आकारले जाते.