एकाला शेणाची ओल, दुसऱ्याला मे महिन्याची धग

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि गच्चीवर गहू वाळत पडतो. एवढ्या उन्हात कीड टिकणार नाही, असा समज असतो. साठवलेल्या धान्यातला खापरा भुंगेरा मात्र उष्णतेचाच किडा आहे. 33 ते 37 अंशांत तो सर्वांत वेगाने वाढतो. इतर किडींना वाढू न देणाऱ्या कोरड्या धान्यातही त्याच्या अळीचे भागते, कारण अन्न पचवताना शरीरात तयार होणारे पाणी तिला पुरते.

प्रौढ भुंगेरा 2 ते 3 मिलिमीटरचा. तो उडत नाही, खातोही नावापुरतेच. सारे नुकसान केसाळ अळीचे. ती बहुधा दाण्याचा अंकुर आधी खाते, त्यामुळे दाणा धड दिसला तरी पेरल्यावर उगवत नाही. गर्दी किंवा उपासमार झाली की अळी फटीत शिरून सुप्तावस्थेत जाते आणि काही वर्षेही तग धरते. तेव्हा तिचा श्वास इतका मंदावतो की धुरीचा वायूही पुरेसा आत जात नाही. म्हणून रिकाम्या कोठीच्या फटी सिमेंटने बुजवणे आणि जुन्या पोत्यांच्या शिवणी उकळत्या पाण्यातून काढणे धुरीइतकेच महत्त्वाचे.

60 अंशांत अर्धा तास राहिल्यास खापऱ्याच्या सर्व अवस्था मरतात. उघड्यावर पसरलेल्या धान्यातून अळ्या सावलीकडे सरकतात. त्यापेक्षा काळ्या प्लास्टिकवर दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यावा, वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दाबाव्यात. बियाण्यासाठी हा उपाय नको.

शेणावर जगणारा शेणकिडा हाही भुंगेराच, पण त्याचे सारे उलट. जूनच्या पहिल्या सरींनंतर तो जमिनीतून वर येतो. ताज्या पोवट्यावर काही तासांत साय धरते, त्याआधी शेण जमिनीत न्यायचे असते. पंख्यासारख्या मिशांनी तो वास घेतो, दातेरी पुढच्या पायांनी बहुधा पोवट्याखालीच बोगदा खणतो. खापऱ्याची अळी कडक दाणा पोखरते. प्रौढ शेणकिड्याचे जबडे मऊ कडांचे, शेणातला सूक्ष्म गाळ तेवढा पिळून घेणारे. मादी शेणाचे गोळे करते, प्रत्येकात एक अंडे. काही जातींत आई पिल्ले बाहेर पडेपर्यंत गोळ्यांवर बुरशी चढू देत नाही. एवढी राखण इतर किड्यांत क्वचितच दिसते.

जनावरांना दिलेले आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक औषध शेणातून बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारते. औषध दिल्यावर काही दिवसांचे शेण कुरणात न सोडता खड्ड्यात टाकावे. किडे आहेत का, हे पाहायला जुलैत दोन दिवसांचा पोवटा उलटावा: खाली बोटभर भोके आणि भुसभुशीत मातीचे ढीग दिसले, तर काम चालू आहे.