तव्यावर रडणारे बोंबील

रविवारी ओले बोंबील आले की आजी ते साफ करायची, मधून चिरून उघडायची आणि पाटावर ओळीनं मांडायची. वर दुसरा पाट, त्याच्यावर वरवंटा. तासभर पाणी ठिबकत राहायचं. आम्हाला भूक अनावर झालेली, पण ती ढिम्म. “पाणी जाऊ दे त्याचं, नाहीतर तव्यावर रडेल.”

ओल्या बोंबलात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. हे पाणी उडून जाईपर्यंत माशाचा पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या फारसा पुढे जात नाही, म्हणजे बोंबील तळला न जाता उकडतो. कुरकुरीत, तांबूस पापुद्रा आणि तो खमंग वास देते मायार अभिक्रिया. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या आसपास जोर धरते. आजीला मायार ठाऊक नव्हता. वरवंटा ठाऊक होता.

मोठ्या शेफच्या मुलाखतीत ‘आजीच्या हातची चव’ आली की मला खरं तर कंटाळा येतो. जाहिरातवाल्यांनी त्या आजीला पार झिजवलंय. पण त्यामागचं विज्ञान खोटं नाही. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासच असतो. सर्दीत जेवण बेचव का लागतं ते आठवा. इतर संवेदना मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात. वास मात्र तो नाका चुकवून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. म्हणूनच सुक्या जवळ्याच्या वासासरशी आधी घर आठवतं, जवळा हे नाव नंतर सुचतं.

ही शिकवणी जन्माआधीच सुरू होते. ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात काही स्त्रियांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या चवीची पेज भरवली, तेव्हा साध्या पेजेपेक्षा त्यांनी तोंडं कमी वाकडी केली.

शेफ फ्लॉइड कार्डोझ मुंबईत जन्मले, कुटुंब मूळचं गोव्याचं. आधी जीवरसायनशास्त्र शिकले, मग स्वयंपाकाकडे वळले. न्यूयॉर्कमधलं त्यांचं ‘तबला’ हे रेस्टॉरंट १९९८ मध्ये सुरू झालं. २०११ मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ स्पर्धा त्यांनी जिंकली, ती अंतिम फेरीत उपमा रांधून! रानटी अळंबी, नारळाचं दूध आणि कोकम घालून त्याला त्यांनी पोलेंटाचं, म्हणजे इटालियन मक्याच्या लापशीचं रूप दिलं. बदललं ते रूप. कोकमाचा आंबटपणा नारळाच्या स्निग्धतेला कापतो, हे गणित आपल्या सोलकढीतलंच. मला वाटतं, घरातून शेफ उचलतो ती पाककृती नसते, असली गणितं असतात.

अशी गणितं मुंबईत गल्लोगल्ली आहेत. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा बॉटल मसालाच घ्या. पावसाआधी मिरच्या आणि मसाले उन्हात कडकडीत वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. मिरचीचा लाल रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा; उजेड आणि हवा दोन्ही त्यांचे वैरी. तपकिरी काच उजेड अडवते, ठासून भरल्यानं आत हवेला जागा उरत नाही.

शेजारच्या आंटीनं दिलेला मसाला मी हौसेनं पारदर्शक बरणीत काढून खिडकीत ठेवला होता. दिवाळीपर्यंत तो विटकरी पडला, वासही गेला. आंटीनं बरणीकडे पाहिलं, काही बोलली नाही. जाताना फक्त विचारलं, “आणि माझी बाटली कुठंय?”