अविकसित फुप्फुसांसाठी जन्मपूर्व नॅनोकण-उपचार

गर्भाच्या खुंटलेल्या फुप्फुसांना वाढीचा संदेश देणारे रेणू नॅनोकणांत भरून, बाळ पोटात असतानाच त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची प्रायोगिक पद्धत. तिचा मुख्य रोख जन्मजात श्वासपटल हर्निया या व्यंगावर आहे.

सुमारे २,५०० ते ३,००० जन्मांमागे एका बाळात हे व्यंग आढळते. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा पुरता जुळत नाही, बहुधा डावीकडे. त्या वाटेने आतडी, जठर, कधी यकृतही छातीत सरकते. गर्भाशयात बाळाचे काही अडत नाही, कारण प्राणवायू वारेतून मिळतो. नाळ कापली की खरे संकट. भोक शिवता येते. जीव जातो तो खुज्या फुप्फुसांमुळे आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेल्या दाबामुळे. नायट्रोफेन हे तणनाशक गाभण उंदरांना देऊन हे व्यंग प्रयोगशाळेत घडवतात. त्या प्रयोगांत पडद्यातले भोक तयार होण्याआधीच फुप्फुसाची वाढ मंदावलेली दिसली. म्हणजे आतड्यांची दाटी हा दुसरा घाव. पहिला आधीच बसलेला असतो.

मायकेल हॅरिसन यांनी १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत गर्भाशय उघडून भोक शिवण्याची वाट धरली. ती मागे पडली. पुढे गर्भाच्या श्वासनलिकेत फुगा बसवू लागले. फुप्फुसात स्रवणारा द्रव त्यामुळे अडतो आणि त्याच्या ताणाने फुप्फुस वाढते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र व्यंगाची ४० टक्के बाळे फुग्यामुळे जिवंत घरी गेली, फुग्याविना १५ टक्के. पण अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण २९ वरून ७५ टक्क्यांवर गेले. हा सौदा महागच.

नॅनोकणांचा विचार इथून सुरू होतो. फुप्फुसाच्या फांद्या फुटण्यात मायक्रोआरएनए या चिमुकल्या रेणूंचा हात असतो (याच रेणूंच्या शोधासाठी २०२४चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले). नुसते सोडले तर ते रक्तात टिकत नाहीत. म्हणून त्यांना कवच लागते. २०२१ साली टोरांटोतील ऑगुस्टो झानी यांच्या गटाने निसर्गाचेच कवच वापरले: गर्भजलातील मूलपेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका, म्हणजे पिशव्या. या पुटिकांनी उंदरांच्या गर्भांतील फुप्फुसांची वाढ सुधारली. येल विद्यापीठात २०२३ साली बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कण घडवून त्यांत मायआर-२००बी हा मायक्रोआरएनए भरला. हा रेणू हर्निया असलेल्या उंदरांच्या गर्भांत गर्भावस्थेच्या १८व्या दिवशी कमी पडलेला आढळला होता. कण गर्भाच्या शिरेतून दिल्यावर फुप्फुसांचा आकार आणि रक्तवाहिन्यांची ठेवण दोन्ही सुधारली. अशा कणांसाठी वापरले जाणारे पीएलजीए हे बहुवारिक काही अनोळखी नाही. शस्त्रक्रियेत विरघळणारे टाके त्याच कुळातले.

उंदराची गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची, माणसाची नऊ महिन्यांची. त्यामुळे मात्रा आणि वेळ जशीच्या तशी उचलता येत नाही. शिरेतून दिलेले कण यकृतातही अडकतात, आणि एका रुग्णावर उपचार करताना दुसरी, म्हणजे आई, निरोगी असते. वाट मात्र मळलेली आहे: आरएच विसंगतीत (आई आणि बाळ यांचे रक्त जुळत नाही तेव्हा) गर्भाला रक्त देण्यासाठी डॉक्टर सोनोग्राफीत पाहत नाळेच्या शिरेत सुई घालतातच.